ज्याला जास्त भीती, त्याने टायर निवडायचे

तीर्थस्वरूप दादा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून केलेला नमस्कार. तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचा गुडघा? आम्ही इकडे सुखरूप आहोत, निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी होतो. पत्रास कारण तुमचीच गाडी. पाठीने दगा दिला तेव्हा ती विकावी, भंगारात घालावी, गेला बाजार एखाद्या शत्रूला तरी द्यावी, असं तुमच्या मनात आलं नाही; तुम्ही ती सख्ख्या बहिणीला दिलीत. (तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. माया आणि ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच म्हणतो.) आणि नुसती गाडी दिली नाहीत, ट्रॅकवर जायची चटकही सोबत दिलीत. आता येत्या रविवारी ही परत ट्रॅकवर निघाली आहे. शर्यत नाही, बक्षीस नाही, मागे कोणी लागलेलं नाही. माणसं आपापल्या गाड्या घेऊन येतात, गोल गोल जिवाच्या आकांताने पळवतात आणि त्याच गाडीत बसून, सिग्नलला थांबत थांबत घरी परततात. निदान शर्यत असती तर हरण्याची तरी आशा होती.

जुन्या टायरांची नक्षी पार झिजून गेली होती. नवे घेतल्याशिवाय जायचं नाही एवढं मी ठणकावून सांगितलं, आणि तिथेच फसलो. कारण आमच्या घरात एक पद्धत आहे, लग्नानंतर गॅसची शेगडी घेताना पडलेली: ज्या वस्तूची ज्याला जास्त भीती वाटते, ती त्याने निवडायची. भित्रा माणूस माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, असं हिचं म्हणणं. माझं तर पोटच त्यावर चालतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद, ज्यावर दुष्परिणाम छापलेले असतात, तो छापण्याआधी तपासणं ही माझी नोकरी. (निम्मे दुष्परिणाम संध्याकाळी घरी येईपर्यंत मला झालेले असतात.) तेव्हा शेगडी मी निवडली, इस्त्री मी निवडली, शिडी मी, न्हाणीघरातलं पायपुसणंही मीच. आजवर घरातली एकही गोष्ट तिने निवडलेली नाही, मला सोडून. त्यामुळे टायरांचा विषय निघाल्यावर तिने फक्त माझ्याकडे पाहिलं आणि दवाखान्यात निघून गेली. दाताच्या डॉक्टरांना कमी बोलायची सवयच असते. समोरच्याचं तोंड उघडं असलं की त्यांचं काम भागतं.

टायरच्या दुकानात रबराचा असा वास येतो की तिथेच गरगरायला लागावं. मालक मात्र भला माणूस. त्याने समजावून सांगितलं की ट्रॅकचा टायर मऊ असतो, तापला की डांबराला गोचिडासारखा चिकटतो. पण गार असताना त्याची पकड बसत नाही, आणि त्याला खाचा कमी, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारता येत नाही. रस्त्याचा टायर याच्या उलट. पावसात गुणी, पण ट्रॅकवर चार-दोन फेऱ्या मारल्या की तापून हातपाय गाळतो. मी विचारलं, दोन्हीकडे पूर्ण सुरक्षित असा टायर कुठला? तो म्हणाला, "साहेब, तसा टायर फक्त उभ्या गाडीला बसतो." मी तेवढ्यात उभ्या गाडीचाही विचार करून पाहिला, पण हिने ऐकलं नसतं. तीन वेळा दुकानाबाहेर गेलो, तीन वेळा परत आलो. डोळ्यांसमोर सारखं एकच दिसत होतं: ट्रॅकचं ते मोठं वळण, आणि त्यावरून बाहेर फेकली जाणारी आपली गाडी. वाटलं, रस्त्यावर तर ती बेतानेच चालवते, जिवाला धोका आहे तो ट्रॅकवर. म्हणून सगळ्यांत मऊ, सगळ्यांत चिकट टायर घेतले आणि त्या दुपारी बऱ्याच दिवसांनी मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता आणि नुकती सर येऊन गेली होती. ही मला वाटेत ऑफिसला सोडणार होती. बेकरीजवळ डावीकडे वळायचं असतं. हिने स्टिअरिंग वळवलं; गाडी वळली नाही. दादा, वेग म्हणाल तर शेजारून एक आजोबा छत्री घेऊन आमच्याच वेगाने चालले होते. पण गाडी आपली सरळच, निमूटपणे, सगळ्यांना वाट देत असल्यासारखी बेकरीच्या काचेकडे निघाली. काचेपलीकडे एक बाई पाव निवडत होती. तिने मान वर केली. मी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली. ही मात्र शांतपणे म्हणाली, "घाबरू नकोस, आता संपेल." (हे ती दाढ उपटताना म्हणते.) मग पुढचं चाक फुटपाथच्या कडेला धडकलं आणि आम्ही थांबलो. पाव निवडणाऱ्या बाईच्या आणि माझ्यामध्ये काच आणि हातभर जागा होती.

कोणाला खरचटलंही नाही. हिने गाडी बंद केली. मग ती म्हणाली, "तू ट्रॅकला घाबरून टायर घेतलेस. मी रोज रस्त्यावर असते रे." ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी वर्षातल्या एका वळणाला घाबरत बसलो आणि रोजची वळणं विसरलो. भीती चुकीच्या ठिकाणी ठेवली की चोर सोडून संन्याशाला सुळी.

त्याच दिवशी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी मधले टायर घेतले: पावसात पाणी कापणारे, कडा जरा टणक, रस्त्यावर भरवशाचे आणि ट्रॅकवर बऱ्यापैकी. सुटकेचा निःश्वास टाकणार एवढ्यात मालक म्हणाला, ट्रॅकवर मात्र यांना सलग तापवू नका. थोड्या फेऱ्या झाल्या की बाहेर येऊन गार होऊ द्या, नाहीतर घसरायला लागतील. घसरायला लागल्याचं कळणार कसं, विचारलं. म्हणाला, चालवणाऱ्याला जाणवतं. दादा, ती तुमची बहीण आहे. वेगात असताना तिला भूक जाणवत नाही, वेळ जाणवत नाही, टायर काय जाणवणार?

म्हणून हात जोडून विनंती की तुम्ही तिला फोन करा. थोरल्या भावाचा अधिकार वापरा, पाठीची शपथ घाला, काहीही करा, पण रविवारचं जाणं रद्द करा. वहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
घाबरलेला मेहुणा

ता. क. पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात हिने टेबलावरचं पत्र वाचलं. हसली नाही. म्हणाली, "दादाला कशाला मध्ये घालतोस? तू शेजारी बस. गाडी घसरायची झाली तर माझ्याआधी तुला कळेल. तू थांब म्हणालास की मी ट्रॅकबाहेर येईन." मी काहीही न वाचता हो म्हणालो. आमच्या लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं असावं.

ता. क. दुसरा. तेव्हा फोन करू नका. तुमचं हेल्मेट तेवढं शनिवारच्या आत पाठवा. शेजारी बसणाऱ्यालाही लागतं म्हणे. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, एक शब्द मागे घेत नाही. पण ती तिकडे गोल फिरत असताना मी इकडे घरी बसून फोनकडे बघत राहायचं, याची भीती त्या वळणापेक्षा मोठी आहे. आणि ज्याला जास्त भीती, त्यानेच निवडायचं असतं. मी शेजारची जागा निवडली आहे.