आलस्यशुल्क

बोर्ली पंचतन,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. जयमाला हिस,
सप्रेम जयभीम वि. वि.

एका घोर अन्यायाची वार्ता कळवायची आहे. तू दिलेली विजेची गाडी काल मांडव्याला जेटीपाशी चार्जिंगला लावली. ती बिचारी पोटभर जेवली, तृप्त झाली आणि कोणाला त्रास न देता जागेवर उभी राहिली. या सदाचरणाबद्दल त्या यंत्राने तिला मिनिटामिनिटाला दंड लावला! का, तर चार्जिंग संपल्यावर गाडी हलवली नाही. मी त्याचं नाव ‘आलस्यशुल्क’ ठेवलं आहे. आळसावर कर बसवायचाच तर आमच्या शाळेपासून आरंभ करावा. एकट्या मुख्याध्यापकांवर सरकारची तिजोरी भरेल.

जेटीवर चहा विकणाऱ्या जनीताईंना मी आधीच विचारलं होतं, गाडी भरली की तेवढी वायर काढाल का. त्या म्हणाल्या, मास्तर, मासळीची पाटी सांभाळीन, पण विजेच्या वस्तूला हात लावायची न्हाय. मिक्सरनं असा झटका दिलाय की अजून चटणी पाट्यावर वाटते हाय. यंत्राशी भांडायला तोंड उघडलं, पण त्याला कान नाहीत म्हणून सोडून दिलं.

पैसे तुझ्या खात्यातून गेले, म्हणून हा खुलासा. शाळेच्या कामाला गेलो होतो, गप्पांत उशीर झाला. तुझी वहिनी रचना मजेत. फोनला इकडे रेंज नाही, पत्रच बरं.

लोभ आहेच, तो दंडाविना राहू द्यावा.

तुझा,
महिपतदादा


पनवेल,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम. रागात आहे, तेव्हा क्षेमकुशल नंतर.

दंडाचं आधी. पंगतीत जेवण झाल्यावर पाट अडवून बसणाऱ्याला आपले बाबासुद्धा उठवायचे. मागे माणसं ताटकळलेली असतात. ऐंशी टक्के झाले की वायर काढायची, गाडी साध्या पार्किंगला लावायची आणि मग कुठेही उंडारायचं. गाडी देताना हे सांगितलं होतं. तू तेव्हा चार्जिंगला संस्कृत शब्द शोधत होतास.

आता खरं. चार्जिंगचं कार्ड माझ्या नावावर आहे, त्यामुळे सगळे मेसेज माझ्याकडे येतात. गाडी भरली, गाडी हलवा, दंड सुरू. दिवाळीपासून दर मंगळवारी. सकाळी लावतोस, संध्याकाळी काढतोस. शाळेत फोन केला, तर क्लार्क म्हणाले, सर मंगळवारी रजेवर असतात. वहिनीला विचारलं, तर तिला वाटतंय तू अलिबागला पेपर तपासायला जातोस. गप्पांत उशीर झाला म्हणे! मग वायर काढायचं जनीताईंना आधीच कशाला विचारलंस? मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचं ठरलेलंच होतं. कोणाकडे जातोस?

आणि रेंजचं कारण मला सांगू नकोस. वहिनीचा फोन त्याच घरात खणखणीत लागतो. माझाच तेवढा उचलत नाहीस. आईच्या स्मृतिदिनी पुण्यानुमोदनाला दरवर्षी वंदना तू सांगतोस. यंदा माझ्या मृणालीला पुढे केलंस. मी वेडी, मला वाटलं मामाला भाचीचं कौतुक. तू कोपऱ्यात गप्प बसला होतास, दादा.

बहिणीशी खोटं, बायकोशी खोटं. खरं काय ते लिही, नाहीतर कार्ड बंद करते. मग गाडी सुभाषितांवर चालव.

संतापलेली, तरी तुझीच,
जयमाला


बोर्ली पंचतन,
२१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. जयमाला हिस,
सप्रेम जयभीम.

तू पोलिसात जायला हवी होतीस. पंगतीचा दाखला मान्य. पण ऐंशीला वायर काढायची तर गाडीपाशी थांबावं लागतं. थांबलो तर बोट चुकते, आणि बोट चुकली तर डॉक्टर भेटत नाहीत. ते मंगळवारीच बघतात. गाडी न भरावी, तर रात्री बोर्लीपर्यंत पोचत नाही. म्हणून पाट अडवत होतो, तुझ्या पैशाने, आणि शिव्या यंत्राला घालत होतो. त्या यंत्राने माझं काहीच वाकडं केलेलं नव्हतं.

श्रावणापासून घसा बसलाय. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. स्वरयंत्रावर गाठ आहे आणि ती चांगली नाही. फोन उचलला असता तर पहिल्याच शब्दाला तू ओळखलं असतंस. वर्गात मी फळ्यावर लिहितो आणि मुलांना म्हणायला लावतो. सर हल्ली ओरडत नाहीत म्हणून कार्टी खूश आहेत. मी मात्र दिवसभर जळत असतो. आयुष्यात कधी विडीला शिवलो नाही, पानसुद्धा खाल्लं नाही. दुसऱ्यांचे उच्चार सुधारण्यात जन्म घातला, आणि दुखणं नेमकं गळ्यात यावं! कोणावर रागवायचं, तेही कळत नाही.

गाठ डिसेंबरात काढायची आहे. हे पत्र पेटीत टाकून आलो की रचनाला सांगणार आहे. ती रडेल, मग तुझ्याहून मोठ्याने भांडेल. त्या वेळी तू इथे असलीस तर बरं. लोभ मागायची रीत आज सोडतो. रागावूनही तू तो पाठवलाच आहेस.

आवाज राहील का, असं डॉक्टरांना विचारलं. ते कागद चाळत राहिले. मरणाबद्दल एखादं सुभाषित मला सापडेल, जयू. पण रचनाला हाक मारता येणार नाही, अशा घरात राहायची मला भीती वाटते. फार भीती वाटते.

दादा