होडी पलीकडे गेलीच कशी

२ सप्टेंबर, सोमवार
भिंगरीला भाषेच्या पेपरात वीसपैकी पाच. सगळे प्रश्न एका गोष्टीच्या उताऱ्यावर. सोळा तारखेला फेरपरीक्षा. त्यात पास झाली नाही तर दर शनिवारी जादा वर्ग, आणि बास्केटबॉलची प्रॅक्टिस नेमकी शनिवारीच. म्हणजे टीममधून बाहेर. पोरगी जेवली नाही. सहावीतल्या मुलीने एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. मी आहे ना!

बायको म्हणाली, मी घेते तिचा अभ्यास. कादंबऱ्या वाचून रडणारी बाई ही. नम्रपणे नकार दिला. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो. लोक रोज मला गोष्टी सांगतात आणि त्यातलं कागदावर नेमकं काय आहे, तेवढंच मी बघतो. उतारा म्हणजे तरी दुसरं काय? रोज दोन उतारे. हातचा मळ आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
पहिला उतारा, शाळेतल्या बाईंनी सरावाला दिलेला. म्हातारा नावाडी सकाळी नदीवर येतो. होडी जागेवर नाही, पलीकडच्या काठाला लागलेली. दोर अलीकडे खुंटीलाच लोंबतोय. रात्री वारा नव्हता. म्हातारा नुसता उभा. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारतं. संपला उतारा.

प्रश्न : म्हाताऱ्याला काय वाटलं असेल? भिंगरी म्हणाली, भीती वाटली असेल, पण थोडा आनंदही झाला असेल. मी विचारलं, कुठे लिहिलंय? कुठेच नाही. खोडायला लावलं. नियम पहिला : कागदावर नाही ते नाही. पोरीने मुकाट्याने खोडलं. प्रगती आहे.

जाता जाता : दोर कापला होता की सुटला होता? हे द्यायला नको?

५ सप्टेंबर, गुरुवार
अजून पहिल्याच उताऱ्यावर. पाया पक्का हवा. आज घटनास्थळाचा नकाशा काढला. भिंगरीने नदीत एक बदक काढलं. उताऱ्यात बदकाचा उल्लेख नाही, खोडलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, तिला एकदा सलग वाचू तरी द्या. लक्ष दिलं नाही. सलग वाचलं की माणूस वाहवत जातो.

भिंगरीने विचारलं, बाबा, हाक कोणी मारली असेल? म्हटलं, तो आपला विषय नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार
हाक मारणारा आणि होडी नेणारा एकच. दुसरं कोण असणार?

लंच टाइमला साहेबांपुढे केस मांडली. ते म्हणाले, मुलगा असेल म्हाताऱ्याचा, भांडून गेलेला. मी म्हटलं, साहेब, मुलगा असल्याचा पुरावा काय? साहेब डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. विचार करायला शांतता लागते माणसाला.

८ सप्टेंबर, रविवार
आज चार उतारे उरकून मागची कसर भरून काढायची होती. पण आधी मूळ गोष्ट शोधायला वाचनालयात गेलो. हे अभ्यासासाठीच. शिकवणाऱ्याला पुढचं माहीत हवं. ग्रंथपाल बाईंनी पुस्तकाचं नाव विचारलं. माहीत नाही. लेखक? माहीत नाही. मग माहीत काय आहे? म्हटलं, होडी पलीकडे आहे. त्यांनी मला बालविभागात नेऊन बसवलं. संध्याकाळपर्यंत होड्यांची सगळी पुस्तकं चाळली. आपली होडी नाही.

घरी आलो तर मायलेकी सोफ्यावर एकाच गोष्टीच्या पुस्तकात डोकी घालून खिदळत होत्या. अभ्यासाच्या दिवसांत! पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावलं. मी गोष्टींच्या आहारी जात नाही म्हणून हे घर चाललंय.

११ सप्टेंबर, बुधवार
भिंगरी आता हुबेहूब माझ्यासारखं लिहिते. एक शब्द इकडेतिकडे नाही. बायकोने वही वाचून कपाळाला हात लावला. बरी जिरली.

तो म्हातारा मात्र अजून काठावर उभाच आहे. नुसता उभा काय राहतोस? ओ दे की!

१६ सप्टेंबर, सोमवार
फेरपरीक्षा झाली. भिंगरी म्हणाली, बाबा, सगळं तू सांगितलंस तसंच लिहिलं. दोघांनी मोठं आइस्क्रीम खाल्लं. ऑफिसात सांगून टाकलं की उताऱ्यांचे क्लास काढायचं मनात आहे. कुणी नावं नोंदवली नाहीत. लाजतात.

१९ सप्टेंबर, गुरुवार
बाईंनी शाळेत बोलावलं. कौतुक असणार म्हणून नवा शर्ट घातला. बाईंनी पेपर पुढे सरकवला. वीसपैकी दोन.

प्रश्न : मुलगा आजीला बिलगून का रडला? उत्तर : रडण्याचे कारण उताऱ्यात नमूद नाही. प्रश्न : आजीचा स्वभाव कसा होता? उत्तर : स्वभावाचा पुरावा जोडलेला नाही. प्रश्न : तुम्ही त्या मुलाच्या जागी असता तर काय केले असते? उत्तर : मी त्या जागी हजर नव्हते. सबब दावा नामंजूर.

दोन गुण हस्ताक्षराचे. बाईंनी विचारलं, घरी कोण शिकवतं हिला? मला खोकला आला. तरी निघता निघता राहवलं नाही. विचारलं, ती होडी नेली कुणी? बाईंना आधी समजेचना. मग म्हणाल्या, तो उतारा होय! तो मीच लिहिला, मधल्या सुट्टीत. कागद संपला तिथे थांबले. पुढचं काही ठरवलंच नव्हतं.

घरी आलो. भिंगरीने बास्केटबॉलचे बूट पुसून आईकडे दिले होते, माळ्यावर टाकायला. रडली नाही, माझ्यावर चिडलीही नाही. म्हणाली, तू बरोबरच शिकवलंस बाबा, मलाच नीट लिहिता आलं नसेल. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. कुठे लिहिलंय असं कुणी विचारलं तर, इथे.

कपाटाचं कुलूप काढलं.

२१ सप्टेंबर, शनिवार
जादा वर्गाचा पहिला दिवस. घरी शिकवणाऱ्या पालकांनीही एकदा येऊन बसावं, असा बाईंचा निरोप. माझा अनुभव त्यांना हवा असणार. टिपणं काढून नेली. मागच्या बाकावर बसलो, गुडघे पार हनुवटीला. बाईंनी मलाही एक कागद दिला. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल.

उतारा : एकटा राहणारा माणूस रोज दोन कप चहा करतो. प्रश्न : का करत असेल? भिंगरीने हात वर करून विचारलं, कागदावर नसलेलं लिहिलं तर चालेल का? बाई म्हणाल्या, तेच तर लिहायचंय. पोरीने मागची बाजूही भरली. मी लिहिलं : एक कप वापरासाठी, एक राखीव. नेमकं आणि मुद्देसूद.

बाईंनी तिथेच तपासलं. भिंगरीला वीसपैकी अठरा. म्हणाल्या, तुला इथे बसायची गरज नाही, पळ मैदानावर. पोरगी बाकावरून उडी मारूनच गेली. दारातून वळून मला हात केला. केवढी हसत होती!

माझ्या कागदावर तीन. हस्ताक्षराचे धरून. मीही पिशवी उचलली आणि तिच्या मागे निघालो.

बाई म्हणाल्या, तुम्ही बसा.