हरेश्वरला सांगितलेला एक आटा

बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मी ऑगस्टीन पास्कल परेरा, वय सत्तावन्न, धंदा बर्फ फॅक्टरीत मशीन ऑपरेटर, राहणार वाकोला गाव, सांताक्रूझ पूर्व, आज रविवारची मिस्सा ऐकून घरी आलो आणि हे लिहायला बसलो. माझे डोके ठिकाणावर आहे. मी प्यालेलो नाही आणि मला कोणी दटावलेले नाही. घाई एवढ्याचसाठी की उद्या सकाळी आठ वाजता मला एक काम करायचे आहे आणि त्यातून मी परत येईनच असे नाही.

कलम १. राहते घर, त्यातील भांडीकुंडी आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी पेट्रिशिया हिची. माझा धाकटा भाऊ जॉनी याने घरात वाटा मागू नये. त्याने आपला वाटा १९७४ साली घेतला, वर आईची कर्णफुलेही नेली. ती त्याच्या मुलीला शोभतात, तिच्याच कानात राहोत. पण मी विसरलेलो नाही.

कलम २. माझे सर्व पाने, हातोडे आणि गॅसचा मुखवटा धोंडिरामला द्यावेत. तो कॉम्प्रेसरवर माझ्यासोबत नऊ वर्षे आहे. धोंडिराम, मुखवट्याचा हवा गाळणारा डबा जुना झाला आहे, नवा घे. आणि मी सांगायचे टाळले ते आता वाच.

आपल्या बर्फाच्या टाकीकडे पातळ अमोनिया नेणारा पाइप आहे, त्यावरचा व्हॉल्व्ह १९८३ च्या मार्चमध्ये अडकला. तो बारीक सोडण्याचा व्हॉल्व्ह होता. चाक एक आटा, म्हणजे पुरा एक फेरा फिरवला की अमोनिया थोडासाच वाढायचा, दुसऱ्या फेऱ्याला आणखी थोडा. हात आणि प्रवाह यांचा हिशोब जुळायचा. फॅक्टरीचे मालक चंद्रप्रकाश शेठ भंगारातून दुसरा घेऊन आले. त्याच्या आत सरळ खालीवर होणारी पत्र्यासारखी झडप होती.

मी म्हणालो, "शेठ, हा पुरा उघडायचा नाहीतर पुरा बंद करायचा. अर्धा ठेवून चालत नाही."

"चाक फिरतंय ना? मग लाव."

मी माझ्या हातांनी लावला. त्याचा स्वभाव मला दोन दिवसांत कळला. झडप जरा उचलली की पहिल्याच फेऱ्यात निम्म्याहून जास्त अमोनिया मुसंडी मारून जायचा, आणि पुढचे फेरे दिले तरी फारसा फरक नाही. अर्धवट ठेवला तर त्या अरुंद फटीतून प्रवाह इतक्या जोरात जायचा की झडप आत थरथरायची. पाइपला कान लावला की दात वाजल्यासारखे ऐकू यायचे. मी पाव फेऱ्यावर काम भागवायला शिकलो. माझ्या पाळीचा जोडीदार हरेश्वर होता, वेसावच्या कोळीवाड्यातला. तो तेव्हा महिनाभर आजारी होता. परत आला त्या दिवशी मी त्याला हे सांगितले नाही.

त्याच दुपारी टाकी तापत चालली होती. मी टाकीपाशी होतो, तो व्हॉल्व्हपाशी. त्याने ओरडून विचारले, "किती उघडू रं?" वीस वर्षांच्या सवयीने मी ओरडलो, "एक आटा उघड!"

पातळ अमोनियाची वाफ व्हायला वेळच मिळाला नाही, तो तसाच कॉम्प्रेसरमध्ये शिरला. मशीनचे डोके फुटले. मी मागच्या दाराने निघालो. हरेश्वर निघाला नाही.

चौकशीच्या कागदावर लिहिले होते की हरेश्वरने आपल्या मनाने व्हॉल्व्ह उघडला. खाली माझी सही आहे. नोकरी होती, माझ्या इव्हाचे लग्न ठरले होते. ही कारणे मी देवापुढे सांगणार नाही.

कलम ३. विहिरीजवळची माझ्या वाट्याची दोन गुंठे जागा हरेश्वरची बायको मथुरा हिला द्यावी. पेट्रिशियाला मी विचारले. ती म्हणाली, "तीन वर्सं तू झोपेत आटे मोजतोस. दे."

कलम ४. तो व्हॉल्व्ह अजून तिथेच आहे. झडपेची कड खाऊन गेली आहे. बंद केला तरी आतून सुसू ऐकू येते. भोपाळ झाल्यावर एक साहेब तपासायला आले, चहा पिऊन गेले. नारळी पौर्णिमा नऊ दिवसांवर आहे. होड्या बाहेर पडल्या की मशीन थांबणार नाही, आणि भिंतीला लागून मथुराच्या गल्लीतली घरे आहेत. शेठ उद्या सुरतेला असतील. मी तो काढून योग्य व्हॉल्व्ह लावणार आहे. अमोनिया साठवायच्या मागच्या मोठ्या टाकीचा व्हॉल्व्हही पुरा बसत नाही, म्हणून पाइप रिकामा होईल याची खात्री नाही. काढलेला व्हॉल्व्ह पोलिसांकडे द्यावा, शेठकडे नव्हे. शेठचा हार माझ्या शवपेटीवर ठेवू नये.

इथवर लिहिले तेव्हा माझ्या निरोपावरून धोंडिराम मथुराला घेऊन आला. तिला मी सगळे वाचून दाखवले. ती ऐकत बसली. मग तिने विचारले, "त्यानं तुला विचारलेलं?"

"विचारलं."

"नि तू बोललास एक."

"एक."

तिने हरेश्वरचे नाव कुठे लिहिले आहे ते मला बोटाने दाखवायला लावले. मग म्हणाली, "माझा दीर अजून बोलतो, तुझ्या नवऱ्याच्या हातानं झालं." पुढे म्हणाली, "जागा नको मला. खाली साक्षीला कोण हाय?"

मी सांगितले, वकिलाने बजावले आहे, ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, नाहीतर मिळालेले जाते.

"जाऊ दे. जागा घेतली तर लोक बोलतील, मथुरानं नवऱ्याचं नाव विकून जागा कमावली. माझा अंगठा घे."

म्हणून कलम ३ मी दोघांसमोर खोडले आहे. वाचता येईल असे खोडले आहे. जागा पेट्रिशियाकडे जाईल. कलम २ मधली हत्यारे आणि मुखवटा मी आत्ताच धोंडिरामच्या हातात दिले, म्हणजे त्याची साक्ष चालेल; उद्यापुरते ते मी त्याच्याकडून मागून नेईन.

उठताना मथुरा म्हणाली, "सकाळी सातला गल्ली मी रिकामी करते. म्हाताऱ्या ऐकणार नाहीत, पण ओढून काढीन. तू तुझं बघ."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि या दोघांच्या देखत खाली नाव घातले.

ऑगस्टीन पास्कल परेरा
वाकोला, दिनांक १० ऑगस्ट १९८६

साक्षीदार :
१. धोंडिराम बाळू सकपाळ (सही)
२. मथुरा हरेश्वर भानजी, हरेश्वरची बायको, निशाणी डावा अंगठा