खालच्या तारेवरची नासपती

दहा फेब्रुवारी, मंगळवार

चि. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. बाळाच्या दोन्ही गालांचे पापे. नातजावयांना म्हणावं, उभ्याउभ्या जेवत जाऊ नका.

तुझं पत्र पोचलं. पहिल्या तारखेपासून तू कामावर आणि बाळ दिवसभर माझ्याकडे! मी एकटीच हसत बसले. समोरच्या शिंपीणबाईला पत्र वाचून दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, पाववाला घाईत होता तर त्याची सायकल धरून ठेवली. पाळणाही माळ्यावरून काढून पुसला. अक्षर हललंय, चौथी शिकलेल्या बाईला एवढं माफ कर.

मागच्या भिंतीवरच्या नासपतीची छाटणी करत होते. ते झाड भिंतीला पाठ लावून वाढवलेलं, फांद्या दोन्हीकडे तारांवर आडव्या बांधलेल्या, हात पसरून कवायतीला उभं केल्यासारखं. भिंत ऊन धरून ठेवते, म्हणून फळ गोड होतं. तुझे आजोबा सांगायचे, फांदीवरचा जाड डोळा, म्हणजे कोंबाचा फुगवटा, फळाचा, चपटा पानाचा; जाड राखायचा. आणि नुसतं बघून कात्री लावायची नाही, डाव्या अंगठ्याने चाचपायचं, मग उजव्या हाताने कापायचं. त्यांची दोनदा चूक झाली, माझी चाळीस वर्षांत एकदाही नाही, हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं. असो.

या खेपेला खालची अख्खी तार छाटली, फांद्या चिंध्यांनी बांधल्या, आणि टोपलीत बघते तर सगळे जाड डोळे. एकूण एक. तिथे यंदा फळ नाही.

मी दोष चष्म्यावर ढकलला. तेवढ्यात शिंपीणबाई आली, तिने विचारलं, ही चिंधी लाल कशाने झाली. माझा डावा अंगठा कापला होता. भिंगरे, मला दुखलंच नाही.

तिने आत नेऊन शेगडीवरचं पाणी घमेल्यात ओतलं आणि थंड पाणी आणायला वळली. मी डावा हात बुडवला आणि म्हटलं, कोमट आहे, बाळाच्या अंघोळीला अगदी असंच हवं. तिने मनगट धरून हात बाहेर ओढला.

"आजी, वाफ दिसत नाही का? पोळताय तुम्ही."

हात लालबुंद झाला होता, आणि गप्प.

तीन महिने झाले. आधी अंगठा गेला, आता मनगटापर्यंत आलंय. दोन कप पडले, त्याचा आळ मी मांजरावर घातला. मांजर मरून वर्ष झालं, पण इथे विचारणारं कोण आहे?

तू म्हणशील, उजव्या हाताने पाणी बघ. बघेन गं. पण उजव्याने पाणी घालताना बाळाचं डोकं डाव्यावर असतं. आणि तो हात मला सांगतच नाही, त्याच्यात काही आहे की निसटलं. काल उशी घेऊन करून बघितलं. उशी कधी खाली गेली ते मला आवाजाने कळलं.

हे कळवलं तर तुझी नोकरी अडेल, आणि बाळ माझ्याकडे येणार नाही. म्हणून आधी दुसरंच पत्र लिहिलं होतं, सगळं ठीक आहे, वाट बघते, असं. पाकीटही चिकटवलं होतं. शेजारी पाळणा होता. पाकीट फाडलं.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे जाते, शिंपीणबाई सोबत आहे. त्या काय सांगतील याची फार भीती वाटते. तुझ्या साहेबांकडे अजून महिनाभराची रजा मागून बघ. माझ्यावर रागावलीस तरी चालेल.

रविवारी मात्र ये. मी जमिनीवर बसेन, बाळाला मांडीत दे आणि तू अगदी लागून बस. संध्याकाळी जाताना त्याला बरोबर घेऊन जा. मी कितीही म्हटलं, राहू दे एक दिवस, तरी माझं ऐकू नकोस.

तुझीच,
आजी