आमटीला नावं ठेवली!

बसवनगुडी, मंगळवार, १९९६

आज वहिनी माझ्यावर चक्क ओरडली! "वन्सं, ही आमटी म्हणायची की सांबार? गोडा मसाला कुठे गेला?"

कित्येक महिने ती पानात पडेल ते मुकाट गिळत होती. झोप नाही, भूक नाही, कशात लक्ष नाही. शेजारच्या अक्का म्हणाल्या, दृष्ट लागली. डॉक्टर म्हणाले, हे नैराश्य; आजारच आहे, औषधानं हळूहळू उतरेल. मला कुठे खरं वाटत होतं?

आणि आज आमटीला नावं! दादा घास हातात धरून बघतच राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, "तिखट लागलं गं." त्या आमटीत तिखट? वहिनी उठली. "सरका, मीच फोडणी देते."

उद्या मीठच विसरू का? मुद्दाम?