टायपिंगपुरता लॅपटॉप

३ मार्च, सोमवार
दादाने आज स्वतःसाठी नवा लॅपटॉप आणला आणि जुना मला दिला. "तुला काय गं, टायपिंगच तर करायचंय!" वहिनी शेजारीच उभी होती. हसली. तिचं काय जातं हसायला!

नवरा सोडून भावाकडे राहायला आलेल्या बाईला सगळं उतरलेलंच मिळतं. कपाट, चादरी, आता हा. वर आभार मानायचे. मानले.

६ मार्च, गुरुवार
सबटायटल करून घेणाऱ्या बाईंचा फोन आला. चाचणीचं काम सोमवारी सकाळपर्यंत द्यायचं. आवडलं तर कायमचं काम — म्हणजे माझी वेगळी खोली, माझं कुलूप! आणि हा लॅपटॉप? व्हिडिओ लावला की माणसाचे ओठ आधी हलतात, आवाज मागून रांगत येतो. कुठलं वाक्य कुठे टाकायचं, कपाळ? दादाला सांगितलं. म्हणाला, "चालतोय की. तुला घाईच फार." घाई! चाळिशी उलटली माझी.

७ मार्च, शुक्रवार
दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, नशीब समजा. या जुन्या मॉडेलचा प्रोसेसर निघतो तरी. हल्लीचे कायमचे चिकटवलेले असतात." एका मेलेल्या लॅपटॉपमधला चांगला प्रोसेसर काढून दिला त्याने. बदल्यात त्याच्या दुकानाची पत्रं टाइप करून दिली. बसवणार मीच.

८ मार्च, शनिवार
दार लोटून बसले. लॅपटॉपच्या पाठीचं चित्र कागदावर काढलं आणि निघेल तो स्क्रू तिथल्या तिथे चिकटवत गेले. पंखा काढला तर आत धुळीची गादी! जुना प्रोसेसर उचलला, नवा ठेवला, वर उष्णता ओढून घेणारा लेप लावला, पंखा चढवला. बटण दाबलं. पंखा भणभणला. पडदा काळा ठिक्कर!

वहिनी दारातून — "वन्सं, काय चाललंय एवढं?" म्हटलं, काही नाही. तरी उभीच राहिली. टेहळणी, दुसरं काय. दादाच्या कानावर जाणारच.

९ मार्च, रविवार
दुरुस्तीवाल्याला फोन केला तर हसला. "ताई, मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम असतो, बायॉस, तो आधी नवा करायचा. नाहीतर मशीन नव्याला ओळखतच नाही." म्हणजे जुना परत बसवायचा, त्याच्याकडून नव्याची ओळख करून घ्यायची आणि मग त्यालाच काढायचं! ऑफिसातून मला काढताना अगदी हेच करून घेतलं होतं माझ्याकडून.

केलं सगळं. चालला! ओठ आणि आवाज एकत्र! रडले चक्क.

११ मार्च, मंगळवार
काम आवडलं!! पहिली मालिका पुढच्या बुधवारपर्यंत, म्हणजे १९ला द्यायची.

१५ मार्च, शनिवार
दादा मागे येऊन उभा राहिला. "अरे वा, नीट केलास वाटतं, पळतोय की हा! मग आमच्या पोराला दे, शाळेला होईल. तुझ्यासाठी बघू काहीतरी." बघू! आयत्या बिळावर नागोबा. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर नाही.

लॅपटॉप त्याचा. नाही म्हणता येत नाही. पण प्रोसेसर माझा आहे.

१६ मार्च, रविवार
जुना प्रोसेसर परत बसवला. लॅपटॉप पुसून दादाच्या टेबलावर ठेवला. घ्या!

संध्याकाळी दादा सगळ्यांसमोर — "पुन्हा अडखळतोय. तरी म्हटलं, हिला कुठलं जमायला!" ऐकून घेतलं. जमलं होतं रे. आता ते दाखवायचं कशावर? माझा प्रोसेसर डबीत आणि काम बुधवारी द्यायचंय. स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला मी. पण दिला नाही त्याला.

१७ मार्च, सोमवार
दादा कामावर गेल्यावर वहिनी खोलीत आली. दार लावून घेतलं. हातात लॅपटॉप — हुबेहूब दादाच्या जुन्यासारखा! "लग्नाच्या वर्षी दोघांनी एकसारखे घेतले होते. मी घरांचे नकाशे काढायचे यावर. मूल झालं, मग उघडलाच नाही." मी तो उलटा करून स्क्रू बघितले. तिने डबीकडे बोट दाखवलं. "काल काढताना बघितलं मी. यात बसवा. सकाळी तुम्ही काम करा... दुपारी मला बसू द्याल?"