स्वयंपाकघरातला नळ तलावाच्या नोंदीतून सोडवून मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
साठवण तलाव विभाग,
दुसरा मजला, खोली क्र. ७
(दारावरची पाटी पडली आहे. शिपायाला विचारावे लागते.)

विषय : माझ्या स्वयंपाकघरातील नळाची नवीन तलावाचा 'मुख्य जलस्रोत' म्हणून झालेली नोंद रद्द करून नळ मला परत मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, 'तलावाची प्रथम भरणी : तात्पुरती व्यवस्था'.
२) माझे यापूर्वीचे चार अर्ज. (चारही आपल्या टेबलावर डाव्या हाताला, पेपरवेटखाली आहेत. मी स्वतः पाहिले.)

महोदय,

१. मी घड्याळदुरुस्तीचा व्यवसाय करतो. आपल्या नवीन तलावाच्या बांधापासून माझे घर चाळीस पावलांवर आहे, एवढाच माझा अपराध. सदर तलाव नदीवर नसून नदीपासून दोन किलोमीटर बाजूला, खोलगट माळावर खोदलेला आहे. नदीला पाणी असताना ते पंपाने उचलून तलावात साठवायचे आणि उन्हाळ्यात शहराला पुरवायचे, अशी मूळ योजना होती. योजना चांगली होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. गेल्या वर्षी आपले सर्वेक्षक साहेब भर दुपारी मोजणीला आले. उन्हाने त्यांचा जीव कासावीस झालेला पाहून माझ्या पत्नीने त्यांना आत बोलावले व तांब्याभर पाणी दिले. साहेबांनी तिथेच बसून फॉर्म भरला. त्यातील 'जवळात जवळचे उपलब्ध पाणी' या रकान्यात त्यांनी 'शेजारील घर, स्वयंपाकघर. पाणी स्वच्छ, थंड व मागताक्षणी मिळते' असे लिहिले. माणूस प्रामाणिक आहे, मी त्यांना दोष देत नाही. परंतु पुढे हा फॉर्म सात टेबलांवरून फिरला, त्यावर सात सह्या झाल्या आणि सातांपैकी एकालाही यात काही वावगे वाटले नाही, याला काय म्हणावे?

३. स्रोत हाताशी आहे म्हटल्यावर नदीवरचे पंपगृह आणि दोन किलोमीटरची जलवाहिनी 'अनावश्यक' म्हणून योजनेतून वगळण्यात आली. मग आपली माणसे आली, माझ्या नळाला पिवळी रबरी नळी घट्ट आवळून बसवली आणि तिचे दुसरे टोक तलावात सोडून निघून गेली. त्याला आठ महिने झाले. तलावात आजमितीस एक डबके असून त्यात एक बेडूक राहतो. बाकीचे पाणी जमिनीत मुरते.

४. माझा धंदा सेकंदाचा असल्याने मी स्टॉपवॉच लावून मोजले आहे. पंधरा लिटरची बादली भरायला बरोबर एक मिनिट लागते. नळाला पाणी दिवसातून दोन तास, सकाळी नऊ ते अकरा, येते. म्हणजे रोजचे अठराशे लिटर. तलावाची क्षमता आपल्याच पत्रकाप्रमाणे चाळीस लाख घनमीटर. या वेगाने तलाव भरण्यास सहा हजार अठ्ठ्याऐंशी वर्षे लागतील. यात मंगळवारचा खाडा धरलेला नाही. मंगळवारी नळ येत नाही. आणि तलाव भरल्यावर त्यातून पाणी कुणाला? तर शहराला. म्हणजे शहराच्या नळाचे पाणी माझ्या घरातून तलावात, आणि तलावातून पुन्हा शहराच्या नळाला. हे मी आपल्या कारकुनांना कागदावर काढून दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले आणि नळीची जाडी वाढवता येईल का, असे मला विचारले. मी कपाळाला हात लावला.

५. नोव्हेंबरात मुख्य स्रोताच्या संरक्षणासाठी माझ्या स्वयंपाकघरात एक फलक ठोकण्यात आला. 'येथे पोहणे, मासेमारी करणे, कपडे, भांडी व जनावरे धुणे यास सक्त मनाई आहे.' पोहण्याचा आणि मासेमारीचा आमचा विचार नव्हता. परंतु भांडी स्वयंपाकघरात घासायची नाहीत तर काय दिवाणखान्यात घासायची, हा माझ्या पत्नीचा प्रश्न मला रास्त वाटतो. फलकापाठोपाठ एक रखवालदारही नेमण्यात आला. तो सकाळी आठ ते पाच ओट्याशेजारी स्टुलावर बसतो. स्वभावाने गरीब आहे, कधी कधी लसूणही सोलून देतो. पण कुणी नळी सोडवून नळाखाली पातेले धरले की शिट्टी वाजवतो. वाजवल्यावर वहिनी, माफ करा, नोकरी आहे, असेही म्हणतो.

६. आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत माझ्या पत्नीला स्वतःच्या स्वयंपाकघरात कुणी शिट्टी वाजवून थांबवलेले नव्हते. सासूबाईंचीही (म्हणजे माझ्या आईची) कधी हिंमत झाली नाही. तरी तिने तीन महिने काढले. मी दुकानातून सायकलला दोन बादल्या लावून पाणी आणत होतो, त्यातली एक घरी पोहोचेपर्यंत अर्धी होत असे. शेवटी अठरा दिवसांपूर्वी तिने बॅग भरली, नळ सुटला की कळवा, मी येते, असे सांगितले आणि भावाकडे निघून गेली. मेहुण्याकडे चोवीस तास पाणी आहे, असे तो मला रोज फोन करून सांगतो.

७. घर खायला उठते. रखवालदार पाच वाजता गेला की बोलायला कुणी उरत नाही. बायकोशिवाय मला करमत नाही हे सरकारी अर्जात लिहू नये, असे आपल्या कारकुनांचे म्हणणे पडले. मी लिहितो आहे. फार तर खोडून टाका.

८. अशातच परवा आपले पत्र आले. स्रोताची आवक अपुरी असल्याने मी स्वखर्चाने आणखी दोन नळ बसवावेत आणि स्रोत बारमाही असल्याचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा. अहो साहेब, दाखला मागायचा तर नदीकडे मागा ना! नदी अजून जागच्या जागी आहे. मी रविवारी सायकलवरून जाऊन पाहून आलो. भरपूर पाणी आहे, आणि तिच्या काठावर रखवालदार नाही, शिट्टी नाही, कुणाची बायको रागावून गेलेली नाही. पंपगृह तिथेच बांधावे. जागा मी दाखवतो, यायचा-जायचा भत्ता मागणार नाही.

९. आपल्या कार्यालयाबाहेर या प्रकल्पाच्या माहितीचा मोठा फलक आहे. त्यात 'विस्थापित व्यक्ती : शून्य' असे लिहिले आहे. हे चुकीचे आहे. आपल्या तलावाने आजवर एका व्यक्तीला घरदार सोडायला लावले, ती माझी पत्नी. नियमाप्रमाणे विस्थापिताचे पुनर्वसन मूळ घराच्या शक्य तितके जवळ करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तिचे मूळ घरच सध्या रिकामे आहे. सबब फलकावरील शून्य खोडून तेथे एक लिहावे आणि माझ्या पत्नीचे पुनर्वसन माझ्याच घरी, भांडी घासता येतील अशा एका नळासह, तातडीने करण्यात यावे, ही विनंती.

आपला अजून तरी नम्र,

(सही)
घड्याळवाला,
बांधाजवळचे घर
दिनांक : २१ फेब्रुवारी

सोबत :
१) सर्वेक्षण फॉर्मची प्रत, सात सह्यांसह.
२) बादली भरण्याच्या वेळांचा तक्ता (सेकंदांसह).
३) पत्नीने जाताना डब्याखाली ठेवलेली चिठ्ठी. मूळ प्रत आहे. कृपया वाचून परत करावी.